यल्लव्वाची पात

यल्लव्वा रानात शिरली की बायकांची तोंडं बंद व्हायची आणि हात चालू व्हायचे. कागलहून हायवे ओलांडून आत गेलं की चार-पाच गावं लागतात. तिथल्या कुठल्याही बागायतदाराला विचारलं असतं, तर त्यानं हेच सांगितलं असतं, "बाई तोंडाळ हाय, पर भांगलण करून घ्यायची तर तिच्याच टोळीकडनं. रान आरशागत करून देती." तोंडाळ हा शब्द त्यानं जपून वापरला असता. खरा शब्द वेगळा होता आणि तो यल्लव्वाच्या माघारी सगळेच वापरायचे.

भांगलण म्हणजे खुरपं घेऊन पिकातलं तण काढणं. बायका एका रेघेत उकिडव्या बसतात आणि प्रत्येकीच्या पुढ्यात पिकाचा जो पट्टा येतो, ती तिची पात. पात धरली की ती बांधापर्यंत न्यायची. मागं राहिलं तरी हसं होतं आणि पुढं पळून तण मागं ठेवलं तरी शिव्या बसतात. बाईची सगळी अब्रू त्या दोन हात रुंदीच्या पट्ट्यात असते. मधली पात म्होरकीची, म्हणजे यल्लव्वाची. ती तिनं दहा वर्षं कुणाला धरू दिली नव्हती.

ती मूळची कर्नाटकच्या सीमेलगतच्या नेसरीकडची. आजीनं देवीच्या नावावरून तिचं नाव ठेवलं. पुढं बापानं दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले, पण पोरीचं नाव बदलायचं तेवढं राहून गेलं. लग्न होऊन ती या गावच्या बुद्धवाड्यात आली तेव्हा तिच्या बोलण्यात निम्मं कानडी होतं. रानात बायका तिची नक्कल करून पोट धरून हसायच्या. तिच्या बाजूनं एकटी धोंडुबाई उभी राहिली. धोंडुबाई तेव्हा टोळीची म्होरकी. तिनं या नव्या नवरीला आपल्या शेजारची पात दिली, खुरपं कसं तिरकं धरायचं ते दाखवलं आणि एक युक्ती शिकवली. "नुसतं बघून उपाटत जाऊ नगंस. पान बोटात धर, जरा चोळ. केना गुळगुळीत लागतोय, दुधाणी चिकट लागती, माठाचा देठ रसरशीत. बोटं शिकली की अंधारातबी चुकायची न्हाईस." यल्लव्वा तिला आत्ती म्हणायची. धोंडुबाईच्या भाकरीवरच्या ठेच्यात तिचा वाटा ठरलेला असायचा.

आणि याच आत्तीला तिनं चौऱ्याण्णव साली बांधावर बसवलं.

त्या साली आण्णांच्या भुईमुगात टोळी लागली होती. आण्णा म्हणजे गावातले मोठे शेतकरी, हातात छत्री घेऊन रानभर फिरणारे. त्यांना धोंडुबाईच्या तणाच्या ढिगात भुईमुगाची रोपं सापडली, एक-दोन नव्हे, चांगली मूठभर. आण्णा काही बोलायच्या आत यल्लव्वा उठली. तिनं ढिगातलं एक रोप उचललं, धोंडुबाईच्या तोंडापुढं धरलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "सांग आत्ती, काय हाय ह्ये?"

धोंडुबाईनं डोळे बारीक केले. हात पुढं केला, तर यल्लव्वानं रोप मागं घेतलं. "हात न्हाय लावायचा. बघून सांग."

"दुधाणी," धोंडुबाई म्हणाली.

बायका हसल्या. यल्लव्वानं ती सगळी रोपं गोळा करून धोंडुबाईच्या पदरात बांधली आणि तिला रस्त्याकडं तोंड करून बांधावर बसवलं. दिवस मावळेपर्यंत बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्यानं विचारलं तर पदर उघडून दाखवायचा. धोंडुबाई गयावया करत होती, "एवढा हंगाम तरी सांभाळ गं. घरात सुना जगू द्यायच्या न्हाईत मला." यल्लव्वा म्हणाली, "रान काय धर्मशाळा हाय? एकदा बांधावर बसली ती परत पातीला न्हाय." हा नेम तिनं तिथं उभ्या उभ्या केला. तो टोळीला आवडला, कारण त्या घटकेला तो दुसऱ्या कुणाला तरी लागू होत होता.

यल्लव्वाची पोरगी संघप्रिया तेव्हा शाळा सुटल्यावर रानात आली होती. दोन लेकरं गेल्यावर झालेली ही एकुलती एक. तिनं बांधावरच्या म्हातारीला तांब्यातून पाणी दिलं, तर आईनं सगळ्यांदेखत तिच्या मुस्काटात मारली. पोरगी रडली नाही. आईकडं नुसती बघत राहिली. आपली लेक आपल्यासारखीच घट्ट निघणार म्हणून यल्लव्वाला बरं वाटलं होतं. कशाचं बरं वाटून घ्यावं हे माणसाला कळत नाही ते असं.

त्यानंतर धोंडुबाई गल्लीच्या तोंडाशी आपल्या उंबऱ्यावर बसून असायची. सुना तिला सकाळी बाहेर काढायच्या आणि दिवेलागणीला आत घ्यायच्या. डोळे पार गेले. यल्लव्वा रोज तिच्या पुढ्यातनं रानात जायची, पण मान वळवायची नाही. म्हातारी पायांच्या आवाजावरून ओळखायची की काय कोण जाणे, यल्लव्वा जवळ आली की बोलणं थांबवायची.

*

यल्लव्वाचे डोळे जायला लागले ते आधी दिव्याभोवती कडी दिसायला लागली तेव्हा. मग सगळ्यावर दुधाची साय धरल्यासारखं झालं. तिनं ते कुणाला सांगितलं नाही. नवरा कधीच वारला होता. लेक कोल्हापुरात शाहूपुरीत एका खोलीत दोन मैत्रिणींबरोबर राहायची आणि शनिवार-रविवारी घरी यायची. ती आली की यल्लव्वा चुलीपाशी तिलाच बसवायची, म्हणायची, "शिकलीस म्हून भाकरी इसरलीस काय बघू." शेजारणीला तांदूळ निवडायला द्यायची आणि वर तिच्यावरच ओरडायची. कागलात डोळ्यांच्या तपासणीचं शिबिर लागलं, फुकट होतं, तरी ती गेली नाही. ऑपरेशन म्हणजे गावभर दवंडी. एवढे दिवस पात रिकामी ठेवायची, शेजारच्या पातीवरच्या बाळाबाईला म्होरकी करायची आणि हिरवी पट्टी बांधून उंबऱ्यावर बसायचं. उंबऱ्यावर बसलेली बाई कशी दिसते ते तिला ठाऊक होतं.

रानात तिला हिरवं धुकं दिसायचं. ओळ दिसायची, पण ओळीतलं कोण पीक आणि कोण तण हे दिसत नव्हतं. ती बोटांनी बघायची. खुरप्याच्या डाव्या बाजूनं बोटं पुढं जायची, पान चिमटीत धरायची. सोयाबीनच्या पानाला लव असते, ती हाताला कळते. लव लागली की सोडायचं, गुळगुळीत लागलं की उपटायचं. धोंडुबाईनं शिकवलेल्या त्या युक्तीवर तिनं दोन हंगाम काढले आणि कुणाला पत्ता लागू दिला नाही. काढलेलं तण ती ढीग न करता तिथल्या तिथं पोत्यात भरायची, म्हशीला वैरण म्हणून. भांगलणारीनं तण घरी न्यायचं हा रिवाजच, त्यामुळं कुणी काही विचारत नव्हतं. बाळाबाईला मात्र संशय आला होता. पण यल्लव्वाच्या तोंडाला तोंड देणार कोण?

दोन हजार चारच्या पावसाळ्यात संघप्रिया घरी आली ती हरखलेली. कॉम्प्युटर घेऊन बीएस्सी झाल्यावर तिला शहरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्रोजेक्टवर काम मिळालं होतं. काम असं, की शेताचे वरून फोटो काढायचे, ते कॉम्प्युटरला दाखवायचे आणि कॉम्प्युटरनं सांगायचं की यातलं पीक कुठलं, रुंद पानाचं तण कुठलं आणि गवतासारखं बारीक पानाचं कुठलं. तण कुठल्या जातीचं ते कळलं की त्यापुरतंच औषध मारता येईल. प्रोजेक्ट ऋता मॅडमचा. मॅडम शहरातल्या जुन्या प्राध्यापकाच्या घरातल्या, हळू बोलणाऱ्या, चपला काढून शेतात उतरणाऱ्या. आण्णांचा एक तुकडा त्यांनी हंगामापुरता घेतला होता आणि त्यात सोयाबीन पेरली होती.

"कॉम्पुटरला कसं कळायचं गं?" यल्लव्वानं विचारलं.

"शिकवायचं त्याला. तुमी भांगलायच्या आधी एक फोटो, भांगलल्यावर एक फोटो. पयल्यात हाय आणि दुसऱ्यात न्हाय, ते तण. दोन्हीत हाय, ते पीक. आसं हजार येळा दाखवलं की मग ते पानाच्या आकारावरनं, कडंवरनं, रंगावरनं आपलं आपण वळखाय लागतंय."

"म्हंजे माझ्या हातावर शिकणार म्हणंनास."

"व्हय की. मी मॅडमना सांगितलंय, आईच्या हातनं पिकाचं एक रोप आजवर निघालेलं न्हाय. तिची पात पयली घ्यायची."

यल्लव्वा नको म्हणणारच होती. पण लेकीच्या आवाजात असा अभिमान तिनं आजवर कधी ऐकला नव्हता. ती म्हणाली, "घे की. मला काय सोयाबीन नवी हाय?"

सोयाबीन नवीच होती. मॅडमनी तुकड्यात मुद्दाम दोन वाण लावले होते, एक गावात चालणारा आणि एक कुठल्याशा संशोधन केंद्रातनं आणलेला. त्या दुसऱ्याच्या पानाला लव नव्हती. डोळस बाईला ते कळायचंही कारण नव्हतं, पान दिसायला सोयाबीनचंच. बाकीच्या बायकांनी ते बघितलं, सोडलं आणि पुढं गेल्या. फक्त यल्लव्वाच्या बोटांना ते गुळगुळीत लागलं.

भांगलणीच्या दिवशी पातीपातीच्या टोकाला नंबराच्या झेंड्या लावल्या. संघप्रियानं लोखंडी घोडीवर कॅमेरा उलटा बसवला होता. घोडी पुढं सरकवायची, खट्‌ करून फोटो, परत सरकवायची, भांगलण चालू असतानाही. तीन नंबरची पात यल्लव्वाची. ती तालात पुढं चालली होती, सगळ्यांच्या आधी बांधाला पोचली, आणि वर बाळाबाईला म्हणाली, "काय गं, झोप लागली काय?" तिचं पोतं इतरांपेक्षा जड भरलं होतं. म्हशीनं ते त्या रात्री आवडीनं खाल्लं.

पात जरा विरळ दिसत होती. आण्णा म्हणाले, नवं बी नीट उगवलेलं नाही. मॅडमनी मान डोलावली.

कॉलेजात संघप्रियानं प्रत्येक पातीच्या फोटोंतून कापून काढलेली रोपांची चित्रं डोळ्यांनी तपासून घेतली. तशी पद्धतच होती, बायकांच्या हातून चुकून निघालेलं एखादं रोप वगळायचं आणि मगच कॉम्प्युटरला द्यायचं. बाळाबाईची पात तपासली, इतरांच्या तपासल्या. आईची तेवढी तपासली नाही. ती तिनं तशीच्या तशी आत घातली, आणि घातली ती सगळ्यात जास्त. दहा वर्षं ज्या हाताला सगळा गाव भ्याला, त्या हातावर विश्वास ठेवला एवढीच तिची चूक.

*

पंधरवड्यानं प्रात्यक्षिक झालं. आण्णांच्या शेडमध्ये मोठा टीव्ही लावला होता. पुण्याहून प्रोजेक्टला मान्यता देणारे एक साहेब आले होते, प्राचार्य होते, गावातले शेतकरी विड्या पेटवून बसले होते. शेजारच्या उशिरा पेरलेल्या तुकड्याचे ताजे फोटो पडद्यावर आले. पिकावर हिरवा ठिपका पडायचा, रुंद पानाच्या तणावर लाल, गवतावर पिवळा. गवत बरोबर ओळखलं. मग लाल ठिपके पडायला लागले, आणि ते सोयाबीनवर पडले. ओळीच्या ओळी लाल झाल्या. केना जिथं होता तिथंही लाल आणि पीक जिथं होतं तिथंही लाल.

मागनं एक म्हातारा ओरडला, "ओ पावणं, तुमची मशिन तर पीकच काढाय निघालीया की! औषध मारून मोकळं व्हा, भांगलायचं कामच न्हाय!" शेड हसून फुटायची वेळ आली. साहेबांनी घड्याळ बघितलं. यल्लव्वा बायकांत मागं बसली होती. तिला पडदा म्हणजे नुसता उजेड दिसत होता. पण हसणं कानावर आलं आणि लाल कशावर पडलं हे शेजारणीनं सांगितलं, तेव्हा तिला समजायचं ते समजलं. तरी ती बाकीच्या बायकांबरोबर हसली.

पाहुणे गेल्यावर ऋता मॅडमनी संघप्रियाला बाजूला घेतलं. त्यांचा आवाज तेव्हाही चढला नाही. "तू हुशार आहेस गं. पण संधी मिळाली की तिचं सोनं करायला हवं ना तुम्ही लोकांनी. कुठं चुकलं ते शोध. नाहीतर मला लिहावं लागेल की काम निष्काळजीपणे झालं, आणि मग पुढच्या वर्षाला तुझं नाव कसं घालू मी?" 'तुम्ही लोक' म्हणजे कोण हे संघप्रियाला विचारावं लागलं नाही. तिनं मान खाली घातली आणि संगणकापुढं जाऊन बसली.

त्या शनिवारी ती घरी आली तेव्हा तिच्या पिशवीत छापलेल्या फोटोंचा गठ्ठा होता. जेवणं झाल्यावर तिनं आईसमोर एक कागद धरला, बल्बच्या उजेडात, नीट.

"आई, ह्ये तुझ्या पातीतनं निघालेलं हाय. बघ जरा. काय हाय ह्ये?"

यल्लव्वानं कागद हातात घेतला. बोटं सवयीनं फिरली. कागद सगळीकडनं गुळगुळीतच लागणार होता. तिनं तो लांब धरला, जवळ आणला, डोकं तिरकं केलं.

"केना हाय की," ती म्हणाली. "न्हाय तर काय! केनाच. पान बघ की कसं चकाकतंय."

संघप्रियानं कागद आईच्या हातातनं काढून घेतला. तो तिनंच मुद्दाम उलटा धरला होता. फोटो पलीकडच्या बाजूला होता आणि आईनं ज्याच्यात केना बघितला तो कोरा कागद होता.

"कवापास्नं दिसत न्हाय?" तिनं विचारलं.

यल्लव्वाला काय झालं ते कळायला एक क्षण लागला. मग तिचा हात वर गेला, पूर्वीसारखा. पण मारायचं कुठं ते धड दिसत नव्हतं म्हणून तो तसाच खाली आला.

"आईची परीक्षा घेतीस व्हय गं? ह्याच्यापायी शिकवलं तुला?"

"तुझ्यापायी माझी नोकरी चाललीया. सांगितलं का न्हाईस? मी तुझी पात घातलीच नसती. दुसरीची घातली असती."

"आणि लोकांनी काय म्हटलं आसतं? आजवर हिची पात आणि आता का न्हाय?" यल्लव्वानं आवाज उतरवला. तिला आवाज उतरवताना लेकीनं पहिल्यांदाच ऐकलं. "ऐक माझं. बाळीचं नाव सांग. माझ्या शेजारीच हुती ती. माझ्या पातीत हात घातला तिनं म्हून सांग. कोण इचारतंय? तुझी नोकरीबी राहील आणि..."

"आणि तुझी पात."

"व्हय, माझी पात! काय हाय मला दुसरं?"

संघप्रियानं फोटो पिशवीत भरले आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली. हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही. यल्लव्वानं ते आपल्या सोयीनं हो धरलं.

*

सोमवारी ऋता मॅडम पुन्हा फोटो घ्यायला येणार होत्या, म्हणून टोळी सकाळीच रानात बोलावली होती. यल्लव्वानं वाट बघितली नाही. बायका जमल्या जमल्या तिनं बाळाबाईचं नाव घेतलं. हिनं माझ्या पातीत हात घातला, नव्या सोयाबीनची रोपं उपटली, हिच्यामुळं माझ्या लेकीचं हसं झालं. बाळाबाई "आक्का, आईच्यान् न्हाय हो," म्हणून रडत होती. तिच्या अंगावर दोन पोरींची जबाबदारी होती, नवरा दारूत बुडालेला. सगळ्यांना ते माहीत होतं, यल्लव्वाला सगळ्यात जास्त. तरी तिनं ओळीतली चार-पाच रोपं उपटायला लावली, बाळाबाईच्या पदरात बांधली आणि तिला रस्त्याकडं तोंड करून बसवलं. बायकांपैकी एकीलाही खरं वाटलं नव्हतं आणि एकीनंही तोंड उघडलं नाही. भीती ही सवयीची गोष्ट असते आणि या टोळीला दहा वर्षांची सवय होती.

तेवढ्यात मॅडमची जीप आली. संघप्रिया घोडी घेऊन उतरली आणि बांधावर बाळाबाईला बघून जागच्या जागी थांबली. बाळाबाईनं नेमाप्रमाणं पदर उघडून दाखवला.

यल्लव्वाला जीपचा आवाज आला होता. ती मोठ्यांदा म्हणाली, "या मॅडम. चोर घावली बघा."

मग संघप्रिया बोलली. शांतपणे, एकेक शब्द मोजून, अगदी आईच्याच पद्धतीनं.

"मॅडम, चुकीचे नमुने तीन नंबरच्या पातीतले आहेत. मी फोटो परत तपासले. भांगलताना कॅमेरा चालू होता, हात दिसतात. तीन नंबरच्या पातीत दुसऱ्या कुणाचा हात आलेला नाही." ती टोळीकडं वळली. "तीन नंबरची पात बाळाबाईची न्हाय. माझ्या आईची हाय. तिला दिसत न्हाय. दोन वर्सं झाली, ती चाचपून भांगलतीया."

"दिसत न्हाय?" यल्लव्वा ओरडली. "कोण म्हणतंय? समदं दिसतंय मला!"

"शनिवारी तू कोऱ्या कागदावर केना बघितलास, आई."

हे तिनं सांगायला हवं होतं का? बाळाबाईसाठी पहिलं वाक्य पुरेसं होतं. नोकरीसाठीही तेवढं पुरलं असतं. हे शेवटचं तिनं कुणासाठी सांगितलं, हे तिला विचारलं तर तीही सांगू शकायची नाही. मुस्काटात बसलेली ती चापट दहा वर्षं कुठंतरी जपून ठेवली होती, असं मला वाटतं. मॅडम मात्र सुटल्यासारख्या दिसल्या. "अगं, म्हणजे प्रोग्रॅम बरोबर आहे! शिकवणाऱ्याचीच चूक होती," असं म्हणून त्यांनी संघप्रियाच्या खांद्यावर हात ठेवला. पुढच्या वर्षाला तिचं नाव घातलं गेलं.

रानात कुणी हललं नाही. यल्लव्वा उभी होती, मान एकदा इकडं, एकदा तिकडं करत होती. कुणीतरी काहीतरी बोलेल, निदान हसेल तरी, म्हणजे कळेल कोण कुठं उभं आहे. पण बायकांनी तेवढंही दिलं नाही. शेवटी ती स्वतःच बांधाकडं निघाली. वाटेत सरीत पाय अडकून पडली, उठली, लुगडं झटकलं. बाळाबाईनं तिला जागा करून दिली आणि आपला पदर तिच्या पदरात रिकामा केला. गाठही बाळाबाईनंच मारली.

यल्लव्वा रस्त्याकडं तोंड करून बसली. काही वेळानं तिचा हात पदरात गेला. एकेक पान चिमटीत धरून तिनं चोळून बघितलं, आणि मागं वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "अगं बायांनो, ह्ये समदं तणच हाय की गं!"

पदरात सगळी ती नवी, बिनलवेची सोयाबीन होती. नव्या फोटोंसाठी मधली पात बाळाबाईनं धरली.

*

संघप्रियानं आईच्या दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन करून घेतलं. चांगल्या डॉक्टरकडं, स्वतः सुट्टी काढून, थेंब घालायला घरी राहून. त्या दिवसांत दोघी कामापुरतं बोलल्या. पट्टी सुटली तेव्हा यल्लव्वाला भिंतीवरचा चुन्याचा पोपडा दिसला, लेकीच्या कपाळावरची बारीक आठी दिसली. जाड भिंगाचा चष्मा लावला की लांबच्या रानातलं तणही वेगळं दिसायचं, हराळी निराळी, लव्हाळा निराळा.

पुढच्या पावसाळ्यात सोयाबीन भांगलायला आली, तेव्हा तिनं खुरपं घासून धार काढली आणि आण्णांचं रान गाठलं. टोळी बसली होती. मधल्या पातीवरनं बाळाबाई उठली. तिनं शिवी दिली नाही, आवाज चढवला नाही.

"आता दिसतंय मला," यल्लव्वा म्हणाली. "कडंची पात दे. शेवटची दिलीस तरी चालंल."

"दिसत आसंल की आक्का," बाळाबाई म्हणाली. "पर नेम तुमचाच हाय. आमी तर फकस्त पाळतोय."

यल्लव्वानं एकेकीच्या तोंडाकडं बघितलं. तोंडं आता स्वच्छ दिसत होती, त्यामुळं त्यांच्यावर काय आहे तेही दिसलं. ती आल्या वाटेनं परत फिरली.

गल्लीच्या तोंडाशी धोंडुबाई उंबऱ्यावर बसली होती. पायांचा आवाज आल्यावर तिनं पुटपुटणं थांबवलं. एरवी यल्लव्वा पुढं गेली असती. आज तिचे पाय थांबले.

"परत आलीस व्हय?" म्हातारी म्हणाली. "लेकीनं डोळं करून दिलं म्हून ऐकलं. दिसतंय का आता?"

"दिसतंय आत्ती."

"मग सांग की." धोंडुबाईनं तोंड वर केलं. "मी कशी दिसतीया? दहा वर्सात कुणी सांगितलं न्हाय मला."

यल्लव्वानं बघितलं. दोन्ही बुबुळं पांढरी झालेली, पापण्यांना चिकटलेली घाण, कडेला बसलेल्या माश्या. लुगड्याला कुणी धुतल्याची खूण नव्हती. कपाळावर कशाचा तरी जुना घाव होता, उंबऱ्याचा असेल, नाहीतर सुनेच्या हातचा. केसांत उवा दिसत होत्या. नव्या डोळ्यांना काही म्हणजे काही चुकत नव्हतं.

तिनं चष्मा काढून पदरात गुंडाळला.

"न्हाय दिसत आत्ती," ती म्हणाली. "काय बी दिसत न्हाय."

धोंडुबाई हसली. हिरड्या दिसेपर्यंत हसली. मग ती थोडी सरकली आणि उंबऱ्यावर बाजूची जागा हातानं चाचपून दाखवत म्हणाली, "मग बस हितं."

यल्लव्वा बसली.